करायलो, नक्को वगैरे

पुण्याच्या ऑफिसात फोनवर आईला "काम करायलो" म्हणालो आणि अख्खी टीम हसली. मग वर्षभर मी घरीसुद्धा "करतोय" म्हणत होतो. लाजच ती!

आमच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं. कारभार उर्दूत, १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं शिक्षणही उर्दूत. मराठी जगली ती मुख्यतः घरात, शेतात, बाजारात. पण बाजारात देवाणघेवाण दोन्हीकडून होते बरं का! दखनीतलं "नक्को" म्हणजे आपलं "नको"च. "ऐसाइच"मधला "च"सुद्धा मराठीचा. जी भाषा शेजारणीला शब्द देऊन बसली, ती अशुद्ध कशी?

परवा आईचा फोन आला. "काय करायलास?"

"काम करायलो."

टीम हसली. हसू द्या.