पाटीवरून पुसलेला ‘स्वदेशी’

१/ ‘द बॉम्बे स्टोअर’ ही भेटवस्तू आणि हस्तकलेच्या वस्तूंची दुकानसाखळी अनेकांना ठाऊक असेल. तिचे मूळ नाव होते ‘बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स कंपनी लिमिटेड’. स्थापना १९०५, प्रवर्तकांत लोकमान्य टिळक. या लांबलचक नावातील प्रत्येक शब्दाला इतिहास आहे.

२/ ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्यात बहिष्काराचा ठराव झाला. ऑक्टोबरमध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटली. पण होळी विझल्यावर प्रश्न उरला : आता कापड घ्यायचे कोठून आणि ते देशी आहे हे ओळखायचे कसे?

३/ ओळखणे सोपे नव्हते. मँचेस्टरच्या कापडावर रंगीत छापील तिकिटे चिकटवलेली असत आणि त्यांवर चक्क आपल्या देवदेवता! अक्षरओळख नसलेले गिऱ्हाईक चित्रावरून माल ओळखी. चित्र आपले, माल परका.

४/ अशा बाजारात दुकानाचे नाव हीच हमी ठरली. ‘स्वदेशी’ हा शब्द मालाचा उगम सांगत होता. ‘को-ऑपरेटिव्ह’ मात्र भावनेपुरता होता : १९०४ चा सहकार कायदा केवळ पतसंस्थांसाठी होता, त्यामुळे हे भांडार कंपनी म्हणूनच उभे राहिले.

५/ आमच्या मलकापुराजवळ, कऱ्हाडच्या पूर्वेस, ओगले बंधूंचा काचकारखाना १९१६ मध्ये सुरू झाला. पुढे त्यांच्या कंदिलाचे नाव पडले ‘प्रभाकर’. प्रभाकर म्हणजे सूर्य आणि ओगले बंधूंच्या वडिलांचे नावही तेच. येथेही नावच मालाचे मूळ सांगत होते. फरक इतकाच, की येथे नाव आणि माल दोन्ही आपले होते.

६/ १९९१ नंतर बाजारपेठ खुली झाली. त्याच दशकात मुंबईच्या दुकानाने नवे रूप घेतले. ‘स्वदेशी’ आणि ‘को-ऑपरेटिव्ह’ पाटीवरून उतरले. १९९५ मध्ये शहर अधिकृतपणे ‘मुंबई’ झाले, दुकानाने मात्र ‘बॉम्बे’ जपले. १९०५ मध्ये हा शब्द केवळ पत्ता होता. आता जुन्या शहराची आठवण हेच त्याचे मोल आहे. ‘स्वदेशी’ ग्राहकाला कर्तव्य सांगे, ‘बॉम्बे’ त्याला स्मृती देऊ करतो.

७/ तुमच्या गावातही एखाद्या जुन्या दुकानावर ‘स्वदेशी’ अजून टिकून असेल. त्या पाटीचे छायाचित्र घेऊन ठेवा. नूतनीकरणात सर्वांत आधी उतरते ती पाटीच, आणि तिची नोंद कोणत्याही दप्तरात सापडेलच असे नाही.