मधला माणूस: भोरच्या पत्रांपासून सर्व्हरच्या लॉगपर्यंत

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे दीड-दोन वाजले असतील. पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन मी एक बिघाड शोधत होतो. आम्ही ज्या अ‍ॅपवर काम करायचो त्यावरून रक्ताच्या वगैरे तपासण्या बुक होतात. त्या रात्री काही बुकिंग मध्येच अडकत होती. असं झालं की लॉग उघडायचा. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. कोण आलं, काय मागितलं, काय दिलं, सगळं वेळेसकट.

ओळीमागून ओळी सरकवताना एका ठिकाणी नजर अडकली. पिनकोड ४१२२०६. भोर. माझा तालुका. त्याच ओळीत सूचनेच्या रकान्यात कुणीतरी लिहिलं होतं की रिपोर्ट घरी पाठवू नका, घरच्यांना कळता कामा नये, याच नंबरवर पाठवा. तपासणी कुठली, तेही शेजारीच होतं.

हा मजकूर मला दिसायलाच नको होता. असे रकाने लॉगमध्ये झाकलेले असावेत असा नियम आहे. कुणीतरी झाकायला विसरलं होतं. न वाचायचं ठरवण्याआधीच माझं वाचून झालं होतं.

आमच्या क्षेत्रात 'मॅन इन द मिडल' नावाचा एक हल्ला शिकवतात. दोघं बोलत असतात आणि त्यांच्या नकळत तिसरा मध्ये बसून ऐकतो. कॉलेजात आम्ही त्या तिसऱ्याचं चित्र काढायचो ते टोपी घातलेल्या हॅकरचं. त्या रात्री तो तिसरा मी होतो. मी काहीही फोडलं नव्हतं. मला त्याचा पगार मिळत होता.

तेव्हापासून या मधल्या माणसाचा इतिहास शोधायचा नाद लागला. आणि तो शोधायला मला भोरच्या बाहेर फारसं जावंच लागलं नाही.

सुरनिसाचं दप्तर

भोर म्हटलं की लोकांना राजवाडा आठवतो, त्यात झालेली शूटिंग आठवतात. पण हे संस्थान कुणाचं? पंतसचिवांचं. आणि सचिव म्हणजे काय, हे आम्ही भोरकरही सहसा विचारत नाही.

शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत सुरनीस नावाचं पद होतं. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी पदांना संस्कृत नावं मिळाली आणि सुरनिसाचा सचिव झाला. अण्णाजी दत्तो या पदावर होते. जमाबंदीचे हिशेब तपासणं हे सचिवाचं एक काम, आणि दुसरं काम म्हणजे राज्याची पत्रं वाचणं. बाहेर जाणारं पत्र त्याच्या नजरेखालून जायचं. मजकूर कमी-जास्त असेल तर तो दुरुस्त करायचा आणि मग पत्र पुढे सुटायचं. पुढे राजाराम महाराजांच्या काळात हे पद शंकराजी नारायण यांच्याकडे आलं, नंतर त्यांच्या घराण्यात वंशपरंपरेनं राहिलं, आणि त्यातूनच भोर संस्थान उभं राहिलं. राजगड, तोरणा हा आजच्या वेल्हे भागातला मुलूखही त्यातच होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. म्हणजे ज्या मातीत मी वाढलो, तिथले राजे मुळात पत्रं तपासणारे अधिकारी होते.

त्या काळच्या कागदांची रचना पाहिली तर आमच्यातल्या कुणालाही ओळखीची वाटेल. पत्र संपलं की खाली मोर्तब उठवायचं, म्हणजे त्यापुढे कुणाला एक अक्षर वाढवता येऊ नये. लांबलचक पत्रासाठी कागदाला कागद चिकटवत, तेव्हा सांध्याच्या मागे शिक्का मारत, म्हणजे मधला तुकडा काढून दुसरा घालता येऊ नये. आज डिजिटल सही हेच करते. मजकूर बदलला तर ती जुळत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. मोर्तबामुळे पत्र बदलता येत नव्हतं. वाचता मात्र येत होतं.

पत्र नेणारा होता जासूद. या शब्दाचे मराठीत दोन्ही अर्थ आहेत: निरोप्या आणि हेर. आपल्या भाषेनं दोघांसाठी वेगळा शब्द करायची तसदी घेतली नाही. म्हणून नाजूक मजकूर कागदावर उतरतच नसे. बाकीचं पत्र नेणारा तोंडी सांगेल, अशी सोय असे.

आणि मधल्या माणसाला चकवायची कला राज्यकर्त्यांपेक्षा सावकारांना जास्त साधली होती. जानेवारी १७६१. नानासाहेब पेशवे फौज घेऊन नर्मदा ओलांडत होते. पानिपताहून औरंगाबादला निघालेला सावकारांचा एक कासीद वाटेत सापडला. नऊ दिवसांत पोचायचं त्याच्याशी ठरलं होतं. पेशव्यांनी त्याच्याकडचं पत्र उघडलं. आत दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, अशा अर्थाचा मजकूर होता. ग्रँट डफनं आपल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकीकत दिली आहे. शाळेत आपण ती पानिपताच्या दुःखाची खूण म्हणून ऐकतो.

मला आता त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ते पत्र पेशव्यांना नव्हतं. ते एका पेढीचं खासगी पत्र होतं आणि ते उघडणाऱ्यानं कुणाची परवानगी घेतली नव्हती. पेढीला याची कल्पना असणार, म्हणूनच तर मजकूर सांकेतिक होता.

एका पैशाचं कार्ड

१८५४ मध्ये हिंदुस्थानात टपालाचा दर अंतराऐवजी वजनावर ठरू लागला आणि पत्र ही सामान्य माणसाची गोष्ट व्हायला लागली. १ जुलै १८७९ ला पोस्टकार्ड आलं. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. योगायोग असा की त्याच १८७९ मध्ये भोर संस्थानानं स्वतःची टपाल तिकिटं काढली. १९०१ मध्ये पंतसचिव शंकरराव यांची छबी असलेलंही एक तिकीट आलं.

पोस्टकार्डाला पाकीट नाही. म्हणजे लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये जितकी माणसं, तितके वाचक. इंग्लंडात १८७० मध्ये कार्ड आलं तेव्हा नोकरचाकर आपली पत्रं वाचतील म्हणून तिथले बडे लोक कुरकुरले होते. आपल्याकडे ज्यांनी कार्ड उचलून धरलं, त्यांच्यातल्या अनेकांना ते वाचायला तसाही दुसरा माणूस लागत होता.

माझे चुलत आजोबा, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, वेल्ह्याकडच्या एका गावात शाखा डाकघर सांभाळायचे. ओसरीवर एक लाकडी पेटी, तराजू आणि शिक्का, एवढंच पोस्ट. गावातले निम्मे बाप्ये मुंबईला. महिन्याला मनिऑर्डर, सोबत चार ओळी. बायका पदराआड कार्ड घेऊन ओसरीवर यायच्या आणि तात्या वाचून दाखवायचे. उत्तरही तेच लिहायचे. कोपरा फाडलेलं कार्ड आलं तर वाचायच्या आधीच रडारड.

आजी सांगते, "घरात मला म्हणून कधी एक शब्द बोलले नाहीत. कुणाचा नवरा पैसे पाठवत नाही, कुणी तिकडं दुसरं बिऱ्हाड केलंय, सगळं ठाऊक. विचारलं तर म्हणायचे, पोस्टाचं आहे ते."

तात्यांचं कौतुक करून थांबता येणार नाही. दुसरीकडचा मास्तर असाच असेल याची हमी कुणी दिली होती? शिवाय सुनेला माहेरचं कार्ड आलं तर ते आधी सासरा वाचणार, हे धरलेलंच. लेकीनंही तिकडून त्याच हिशेबानं लिहायचं: मी सुखरूप, काळजी नसावी, बाकी समक्ष भेटीत. या 'बाकी समक्ष' मध्ये काय काय असेल याचा विचार करा. जासूदाच्या तोंडी निरोपाचीच ही घरगुती आवृत्ती.

काचेचं दार

तार आणि फोन आले तेव्हा मधला माणूस गेला नाही, फक्त खुर्चीवर बसला. तार म्हणजे तारमास्तरनं अक्षर अक्षर वाचून पाठवायची गोष्ट. ट्रंक कॉल म्हणजे मध्ये ऑपरेटर. माझ्या आठवणीतला फोन म्हणजे भोरच्या बाजारपेठेतला पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ. आत पंखा नाही, काचेचं दार लावलं की घाम, उघडं ठेवलं की रांगेतले सगळे ऐकणार. बाबा दार उघडंच ठेवायचे आणि मुंबईच्या मामाशी उसने पैसे मागण्याबद्दल इतक्या आडवळणानं बोलायचे की मामालाही कळत नसे. बिलाच्या चिठ्ठीवर नंबर, वेळ, मिनिटं छापून यायची. आम्ही त्याला आता मेटाडेटा म्हणतो. काय बोललात ते नाही, पण कुणाशी आणि किती वेळ, ते सगळं.

सरकारनं आपला कान कायद्यातच लिहून ठेवला होता. १८८५ चा तार कायदा, कलम ५: सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षिततेच्या कारणासाठी संदेश अडवता येतात. १८९८ च्या पोस्ट कायद्यातही तशीच सोय. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फोन ऐकण्यावर काही बंधनं घातली: आदेश कुणी द्यायचा, किती काळासाठी, त्याची पाहणी कुणी करायची. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. पण तारेचा कायदा उरला आणि आपल्या मोबाइलला तोच लागू राहिला. २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा झाला. संदेश अडवण्याचा अधिकार त्यातही आहेच.

खासगी कुणाचं?

प्रायव्हसीला आपण 'खासगीपणा' म्हणतो. हा शब्द आला कुठून? मराठेशाहीत 'खासगी' हे एक खातं होतं. राजाच्या किंवा पेशव्याच्या घरच्या खर्चाचं, घरच्या मालमत्तेचं. त्यावरून खासगीवाले हे आडनाव पडलं. म्हणजे खासगी असायला आधी राजा असावं लागत होतं. बाकीच्यांचं सगळं चारचौघांतलं.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत अधिकार आहे. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी आधारच्या विरोधात दाखल केलेल्या याचिकेतून हा निकाल आला. राजाच्या खात्याचं नाव शेवटी सगळ्यांच्या नावावर झालं, असं मला वाटतं.

कागदावर झालं ते झालं, पण प्रत्यक्षात? २०१६ च्या एप्रिलमध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं सगळ्या संदेशांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लावलं. त्याच सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि इंटरनेट स्वस्त झालं. मी हे कमी लेखणार नाही. नसरापूरहून वेल्ह्याच्या एसटीत खिडकीशी बसून मोबाइलवर टाइप करणारी मुलगी बघा. रेंज जाते, येते. पण तिचा निरोप वाचायला ना सासरा मध्ये आहे, ना मास्तर, ना रांगेतले कान. तिच्या आजीला हे कधीच मिळालं नव्हतं. जुना काळ बरा होता म्हणणाऱ्यानं आधी त्या आजीला विचारावं.

फक्त मधला माणूस नाहीसा झाला, असं समजू नका. तो लांब गेला. संदेश बंद पाकिटात असला तरी कुणी कुणाला, कधी, कुठून पाठवला हे पाकिटावर असतंच. समोरच्यानं काढलेल्या स्क्रीनशॉटला कुठलंच एन्क्रिप्शन अडवत नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅप सोडून आपण दिवसभरात जी वीस अ‍ॅप वापरतो, त्यातल्या बहुतेकांत पाकीट नसतंच. सगळी पोस्टकार्डं.

न विसरणारा

तात्या आणि लॉग यांच्यात मला दोन फरक दिसतात. तात्या ओळखीचे होते. ते आपलं गुपित फोडू शकत होते, पण मग त्यांना त्याच गावात राहायचं होतं. लाज हा त्यांच्यावरचा कायदा होता. मला त्या भोरच्या व्यक्तीसमोर कधीच उभं राहायचं नाही. तिला मी आहे हेच माहीत नाही. दुसरा फरक विसरण्याचा. तात्या २०११ मध्ये गेले आणि एका गावाची पन्नास वर्षांची पत्रं त्यांच्याबरोबर गेली. लॉग मरत नाही. तो पुसावा लागतो, आणि पुसायचं कुणाच्या तरी लक्षात राहावं लागतं.

म्हणून जिथे लाज पोचत नाही तिथे नियम पोचावा लागतो. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण कायदा रात्री दोन वाजता माझ्या खोलीत नसतो. तिथे फक्त मी असतो आणि झाकायचा राहिलेला एक रकाना.

त्या रात्री मी बुकिंगचा बिघाड आधी काढला. मग लॉगमधल्या त्या रकान्याबद्दल वेगळी तक्रार नोंदवली. वरून उत्तर आलं की ग्राहकाला दिसत नाही, तातडीचं नाही. तीन आठवडे ती यादीच्या तळाशी पडून राहिली. शेवटी एका रविवारी मी स्वतःच तो रकाना झाकणारा कोड लिहिला. अकरा ओळी.

आजीला हे सगळं माझ्या परीनं सांगितलं. सर्व्हर, लॉग तिला कळलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "कुणाला बोललास का?"

नाही म्हणालो. इथेही ती तपासणी कुठली होती ते लिहिलेलं नाही, आणि मजकूर थोडा बदलला आहे.

आमचे लॉग नव्वद दिवसांनी आपोआप पुसले जातात. एक्याण्णवाव्या दिवशी मी मुद्दाम शोधून पाहिलं. ती ओळ लॉगमधून गेली होती. बॅकअपमध्ये होती. त्यासाठी आता वेगळं तिकीट टाकलंय.