दिवसाढवळ्या घेतला जाणारा बॅकअप

सर्व्हरवरील फाइलींची राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, कचेरी सुटल्यावर रात्रीच घ्यावयाची हा दंडक संगणकाइतकाच जुना मानला जातो. वस्तुतः कामकाज चालू असताना आपोआप प्रती काढण्याची कल्पना १९६०च्या दशकातील आहे. एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्या मल्टिक्स प्रणालीत एकच यंत्र अनेकजण एकाच वेळी वापरीत, त्यामुळे सर्वांना थांबविण्याजोगा निवांत प्रहर मिळणे कठीण होते. रॉबर्ट डॅली व पीटर न्यूमन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या फाइलव्यवस्थेत म्हणूनच, सगळा साठा पुन्हापुन्हा न उतरविता नव्याने बदललेल्या फाइलीच फितीवर घेण्याची सोय होती. हाच इन्क्रिमेंटल बॅकअप होय.

पुढे युनिक्सवर मात्र रात्र प्रतिष्ठित झाली, आणि तिचे कारण आळस नव्हते. फीत सावकाश भरते, तेवढ्यात कोणी एखादी फाइल वाचून न झालेल्या निर्देशिकेतून आधीच वाचून झालेल्या निर्देशिकेत हलविली, तर ती प्रतीतून निसटते. शिवाय अर्धवट लिहिलेली फाइल तशीच अर्धवट उतरते. ठरल्या वेळी आज्ञा चालविणारा क्रॉन हा कार्यक्रम आल्याने स्मरण ठेवण्याची जबाबदारी यंत्राकडे गेली, पण ही अडचण त्याने सुटणारी नव्हती.

ती सोडविली स्नॅपशॉटने. डेव्ह हिट्झ, जेम्स लाउ व मायकेल माल्कम यांनी १९९४ मध्ये वर्णिलेल्या वॅफल या नेटॲपच्या फाइलव्यवस्थेत बदललेला मजकूर जुन्या जागी न लिहिता डिस्कवर अन्यत्र लिहिला जातो. त्यामुळे एखाद्या क्षणाचे जुने ठोकळे, म्हणजे डिस्कवरील साठवणीचे तुकडे, राखून ठेवले की साठ्याचे गोठविलेले रूप काही सेकंदांत हाती येते, आणि आरंभी त्यासाठी वेगळी जागाही जवळजवळ लागत नाही. चुकून पुसलेली फाइल वापरकर्ता स्वतःच परत आणू शकतो, हा लाभ कदाचित याहूनही मोठा. विंडोज सर्व्हर २००३ मधील सामायिक फोल्डरांच्या शॅडो कॉपीचे, म्हणजे तेथील स्नॅपशॉटचे, मूळ वेळापत्रक सोमवार ते शुक्रवार सकाळी सात व दुपारी बारा असे होते. नेमकी दुपारची वेळ निवडली जावी, यात रात्रीची सद्दी संपल्याची कबुलीच होती.

तथापि स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो आणि डिस्कबरोबरच बुडतो. दुसऱ्या यंत्रावर प्रत नेण्याचे स्वस्त साधन ऑस्ट्रेलियात घडले : अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांचा १९९६ मधील आरसिंक दोन्हीकडील फाइलींच्या तुकड्यांच्या बेरजा, म्हणजे चेकसम, ताडून केवळ वेगळा भागच तारेवरून पाठवितो. पण तोही चालत्या फाइली वाचतो, म्हणून जाणते व्यवस्थापक आधी स्नॅपशॉट घेऊन त्यातूनच आरसिंक चालवितात. डेटाबेसला तेवढेही पुरत नाही. त्याने मनात, म्हणजे स्मृतीत, धरलेले व्यवहार आधी डिस्कवर उतरवून क्षणभर थांबावे लागते, आणि विंडोजमध्ये ही सूचना त्याला देण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा ठेवावी लागली.