कुलूपबंद लॅब आणि धनगरवाड्याची शाळा

आपल्या नवी मुंबईत शाळांना टॅब, स्मार्ट बोर्ड वगैरे मिळणार अशी बातमी आली की मला माझ्या शाळेतली कॉम्प्युटर लॅब आठवते. चपला बाहेर काढायच्या, आठवड्यातून एक तास, एका मशीनवर चौघं. माऊस हातात येईपर्यंत घंटा व्हायची! बाकी दिवस दाराला कुलूप.

ही पद्धत जुनीच. केंद्र सरकारचा ‘क्लास’ प्रकल्प १९८४-८५ चा. ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक आपल्या मोजक्या शाळांत आले. तेव्हापासून संगणक म्हणजे वेगळी खोली, वेगळा तास, वेगळा विषय. गणित, भूगोल, मराठी शिकताना त्याचा उपयोग करायचा, हे मागेच राहिलं.

याच्या उलट प्रयोग आपल्या शेजारीच झाला होता, हे किती जणांना माहीत आहे? निकोलस निग्रोपाँटे यांची ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही योजना २००६ साली केंद्र सरकारने नाकारली. तरीही २००७ मध्ये भारतातली पहिली चाचणी झाली ती पनवेलच्या पलीकडे, कर्जत तालुक्यातल्या खैरात-धनगरवाड्याच्या शाळेत. एक गुरुजी, पहिली ते चौथीचे वर्ग एकत्र, वीस-बावीस पोरं. प्रत्येकाच्या हातात हिरवा-पांढरा छोटा लॅपटॉप. त्यात लिहायचं, चित्र काढायचं, फोटोसुद्धा काढायचे. लॅपटॉप पाटीसारखा वापरायचा, ही त्यामागची कल्पना. आणि एकशिक्षकी शाळेत त्याचं मोल जास्त. गुरुजी पहिलीला शिकवत असताना चौथीच्या पोरांच्या हाताला काम राहतं.

मग हे गावोगाव का नाही पोचलं? शंभर डॉलरचा म्हणून गाजलेला लॅपटॉप जवळपास दुप्पट किमतीला पडत होता. शिवाय वीज, दुरुस्ती, शिक्षकांचं प्रशिक्षण हा खर्च वेगळाच.

याची किंमत २०२० मध्ये कळली. शाळा बंद, घरात एकच फोन. बाबा तो घेऊन कामाला गेले की पोराचा वर्ग संपला.

म्हणून सांगतो, पुढच्या पालकसभेत “टॅब किती आले?” एवढंच विचारून थांबू नका. मुलांच्या हातात ते रोज किती वेळ असतात? बिघडले तर दुरुस्त कोण करतं? आणि बाईंना-सरांना ते शिकवलं कोणी? कपाटातल्या टॅबवर कुणी शिकत नाही.

तुमच्या मुलांच्या शाळेत काय परिस्थिती आहे? कमेंटमध्ये लिहा.