चिमणी उरली, भोंगा गेला

लोअर परळला फिनिक्स मिल आहे. म्हणजे होती. १९०५ साली उभ्या राहिलेल्या या गिरणीच्या जागी आता मॉल आहे आणि आवारात जुनी चिमणी अजून उभी आहे. आमच्या बेलपाड्याहून पाहुण्यांना घेऊन गेलो की पोरं तिच्यापुढं फोटो काढतात. वास्तू नव्या कामाला लागली, याचं मला वाईट वाटत नाही. पण चिमणीखाली काय चालायचं, ते चिमणी सांगत नाही.

साचेखात्यात, म्हणजे जिथं कापड विणलं जाई तिथं, मदनपुऱ्याचे मोमीन विणकर होते, कोकणातले आणि घाटावरचे मराठे होते. दलित कामगाराला तिथं मज्जाव. धोट्यातलं सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे आणि तेवढ्यानं विटाळ होई! साच्यावर मजुरी जास्त, म्हणजे प्रश्न पोटाचाही होता. १९२८च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो मांडला. एकाच छपराखाली आपला सगळा समाज असा राबत होता, त्याच्या उतरंडीसकट.

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या.

मग जमिनीचा हिशेब सुरू झाला. १९९१च्या विकास नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानानं तीन वाटे होते : एक मोकळ्या जागेसाठी, एक स्वस्त घरांसाठी, एक मालकाचा. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची. जिथं शेड उभी, ती जमीन हिशेबाबाहेर. शेड पुढं पाडली तरी वाटणी नाही! गिरणीत मोकळी जागा असते किती? २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं हा बदल कायम ठेवला.

कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाहून जास्त अर्ज आले. मुंबईत जागा पुरेना, म्हणून २०१६ साली आमच्या पनवेलजवळच्या कोनमधल्या २,४१७ घरांची सोडत निघाली. एकशेसाठ चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून एक घर. करोनात ती घरं विलगीकरणासाठी घेतली गेली. चाव्या हाती पडायला त्यानंतरही वर्षं गेली. पुष्कळ ठिकाणी अर्ज कामगाराचा आणि चावी घ्यायला मुलगा किंवा सून.