उन्हवरे, उन्हेरे, उनपदेव : गावांच्या नावांतले गरम पाणी

आमची आजी आंघोळीच्या गरम पाण्याला 'ऊन पाणी' म्हणायची. दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याला पहिल्यांदा गेलो, तेव्हा तो शब्द आठवला. एसटीतून उतरून कुंडाकडे चालताना आधी गंधकाचा वास आला, मग वाफ दिसली. तिथल्या झऱ्याचे पाणी सुमारे ७० अंश सेल्सिअस. त्यात हात घालवत नाही. घरी आल्यावर नकाशा पसरला आणि नावे शोधू लागलो.

पालीजवळ उन्हेरे, राजापूरजवळ उन्हाळे, सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा तालुक्यात उनपदेव, किनवट तालुक्यात उनकेश्वर, दक्षिण गुजरातेत उनाई. सगळीकडे गरम पाण्याचे झरे. संस्कृत 'उष्ण', प्राकृत 'उण्ह', मराठी 'ऊन' अशी ही वाट आहे. 'उन्हाळा' त्याच कुळातला.

उनपदेव, उनकेश्वर आणि उनाई या तिन्ही ठिकाणी कथाही एकच सांगतात : शरभंग ऋषींची व्याधी बरी व्हावी म्हणून रामाने बाण मारून गरम पाणी काढले. तीन गावांत तीच कथा असेल, तर ती फिरत आलेली असणार. नाव मात्र जागचे वाटते. पंडिताने नाव ठेवले असते तर ते 'उष्णेश्वर' झाले असते. 'उनकेश्वर'मध्ये ईश्वर लोकांच्या 'ऊन'ला मागाहून जोडला गेला, असे माझे मत आहे. अर्थात एवढ्यावरून नावाचे वय काढता येत नाही. 'ऊन ऊन भात' आपण आजही म्हणतो. जिवंत शब्दाने गावाला नाव कधीही पडू शकते.

दुसरीही अडचण आहे. संगमेश्वर तालुक्यातल्या तुरळ, राजवाडी, आरवली या नावांत उष्णतेची खूण नाही, तरी पाणी गरमच. उलट हिमाचलातले ऊना ऐकून कोणी पंचा घेऊन निघाला, तर फसेल. नावाची साक्ष घ्यावी, पण जागेवर जाऊन.

थॉमस ओल्डहॅम यांनी जमवलेली भारतातल्या उष्ण झऱ्यांची यादी त्यांच्या मृत्यूनंतर, १८८२ साली, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने छापली. त्यांच्या मुलाने ती सिद्ध केली. तीत सुमारे ३०० झरे आहेत. कोकणातले झरे पालघरपासून राजापूरपर्यंत, साधारण किनाऱ्याला समांतर अशा पट्ट्यात येतात. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगांनी वर येते. 'गंधकामुळे पाणी तापते' हे कुंडावर हमखास ऐकू येते, ते खरे नाही. वास पाण्यात विरघळलेल्या वायूचा. ज्वालामुखीचाही संबंध नाही. दख्खनचा लाव्हा ओतला गेला त्याला साडेसहा कोटी वर्षे झाली, तो कधीच निवला. गावाच्या नावात फक्त 'ऊन' आहे, कारण सांगायच्या भानगडीत ते पडत नाही.

हिमाचलातच सतलजकाठी तत्तापानी आहे. 'तत्ता' म्हणजे तप्त, तापलेले. कोलडॅमचा जलाशय भरला आणि नदीकाठचे जुने झरे बुडाले. माझ्या वहीत प्रत्येक गावापुढे दोन रकाने आहेत : नाव काय सांगते, आणि झरा आज कुठे आहे. तत्तापानीपुढच्या दुसऱ्या रकान्यात 'धरणाखाली' असे लिहिले आहे. उन्हवऱ्यापुढे शेवटच्या भेटीची तारीख आहे.