एका मिटलेल्या समुद्राच्या खुणा

कार्तिकात तुळशीचे लग्न लागते. बऱ्याच घरांत नवरदेव म्हणून बाळकृष्ण असतो, तर काही घरांत शाळिग्राम. तळहातावर मावणारा हा काळा गुळगुळीत दगड नेपाळातल्या गंडकी नदीच्या पात्रातून येतो. त्याच्या अंगावर किंवा पोटात वळसे घेतलेले चक्र असते. श्रद्धा त्याला विष्णूचे चक्र म्हणते, भूशास्त्र त्याला अमोनाइट म्हणते. अमोनाइट हा गुंडाळलेल्या कवचात राहणारा, माकुल आणि ऑक्टोपस यांच्या गोतातला सागरी प्राणी. गंडकीतले अमोनाइट सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. दोन्ही नावे आपापल्या जागी राहोत. पण समुद्रातला प्राणी हिमालयाच्या कुशीत पोहोचला कसा, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न ज्यांनी पायपीट करून सोडवायला घेतला, त्यांतले एक होते फर्डिनांड स्टोलिच्का. मोराव्हिया प्रांतात जन्मलेला हा तरुण १८६२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात दाखल झाला. स्पितीच्या उजाड डोंगरांत हिंडून त्याने तिथल्या खडकांचे थर आणि त्यांतले सागरी जीवाश्म नोंदवले. १८७४ मध्ये यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखमध्ये विरळ हवेने त्याचा बळी घेतला. वय अवघे ३६. लेहमध्ये त्याचे स्मारक आहे.

अशा नोंदी साचत गेल्या आणि व्हिएन्नाचे एडुआर्ड सुएस यांना त्यांतून एक चित्र दिसले. आल्प्सपासून हिमालयापर्यंत एकाच जातकुळीच्या सागरी जीवांचे अवशेष सापडत होते. म्हणजे इथे एक लांबच लांब समुद्र असला पाहिजे. १८९३ मध्ये त्यांनी त्याला ग्रीक पुराणातल्या सागरदेवीचे नाव दिले, टेथिस. त्याच्या दक्षिणेच्या प्राचीन भूखंडाला त्यांनी आधीच गोंडवनभूमी म्हटले होते. ते नाव आले आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून.

समुद्र होता हे कळले, पण तो गेला कुठे? पृथ्वी निवत चालली आहे, आकसते आहे आणि सुकलेल्या आवळ्याला सुरकुत्या पडाव्यात तसे पर्वत उठतात, अशी त्या काळची समजूत होती. १९१२ मध्ये आल्फ्रेड वेगेनर यांनी खंडच सरकतात असे सांगितले, तेव्हा बहुतेक विद्वानांनी ते उडवून लावले. स्वित्झर्लंडच्या एमिल आर्गां यांनी मात्र १९२२ मध्ये त्याच्या आधारे मांडले की, भारत आशियाखाली घुसल्यामुळे हिमालय आणि तिबेट उंचावले. कल्पना भव्य होती, पण पुरावा हवा होता. दोन खंड खरेच भिडले असतील, तर त्यांचा सांधा कुठे तरी दिसायला हवा.

तो पुढे ऑगस्टो गान्सर यांना दिसला. १९३६ मध्ये आर्नोल्ड हाइम यांच्यासह हे तरुण स्विस भूशास्त्रज्ञ कुमाऊँमध्ये काम करत होते. तिबेटमध्ये प्रवेश बंद होता. गान्सर यात्रेकरूचा वेश घालून शिरले आणि त्यांनी कैलासाची प्रदक्षिणा केली. भाविकांच्या रांगेतून चालताना त्यांची नजर पायाखालच्या दगडांवर होती. कैलासाच्या दक्षिणेला त्यांना जड, काळपट हिरवे खडक भेटले. असे खडक सागरतळाचे असतात. हिमालयाच्या पाठीमागे सागरतळाचे तुकडे पडलेले होते!

त्याचा पूर्ण अर्थ लागायला १९६० चे दशक उजाडावे लागले. पृथ्वीचे कवच मोठमोठ्या भूपट्टांचे आहे आणि ते सरकतात, हे तेव्हा सिद्ध झाले. सागरतळाचा खडक जड असतो. तो खंडाच्या कडेखाली वाकून खोल बुडतो आणि समुद्र अरुंद होत जातो. खंड त्या मानाने हलके, ते सहजी बुडत नाहीत. शेवटी दोन खंड एकमेकांवर आदळतात. मधला सागरतळ जवळजवळ सगळा गडप होतो. खरवडून वर राहिलेले थोडे तुकडे, तेवढीच त्या समुद्राची निशाणी.

लडाखमध्ये हा सांधा उघड्यावर आहे. लेहचा राजवाडा ज्या खडकावर उभा आहे तो ग्रॅनाइट. टेथिसचा तळ आशियाखाली बुडत असताना जो शिलारस तयार झाला, त्याचा हा थिजलेला गोळा. समोर सिंधू वाहते. तिच्या पलीकडच्या स्टोक रांगेत उत्तरेकडचा डोंगर झिजून साचलेल्या गाळाचे थर उभे झाले आहेत. त्यामागे झंस्कारचे चुनखडक, म्हणजे भारताच्या बाजूचा सागरकिनारा. लडाखमध्ये सिंधू बरेच अंतर या सांध्याच्या काठाकाठानेच जाते. लेहच्या आग्नेयेला निडार गावाच्या परिसरात पाण्याखाली थिजलेला लाव्हा दिसतो, उशा रचून ठेवाव्यात तसा. त्सो मोरीरी सरोवराजवळच्या खडकांत कोएसाइट हे खनिज सापडले आहे. ते सुमारे ९० किलोमीटर किंवा त्याहून खोलवरच्या दाबाखालीच तयार होते. म्हणजे भारताची कडा तेवढी खोल ढकलली गेली आणि पुन्हा वर आली.

या साऱ्याला काळ किती लागला? ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हारूपाने ओतला जात होता, तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. पुढे टेथिस शिल्लक होता आणि हिमालयाचा पत्ता नव्हता. गडकोटांचा आपला कातळ हिमालयाच्या शिखरांहून जुना, तो असा. टक्कर झाली सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी. त्या सुमाराच्या चुनखडकांत न्युम्युलाइट नावाच्या नाण्यासारख्या सूक्ष्मजीवांचे सांगाडे मिळतात. हे इथल्या समुद्राचे शेवटचे रहिवासी. इजिप्तच्या पिरॅमिडांच्या दगडांतही त्यांचे भाईबंद आहेत, कारण टेथिस तिथवर पसरला होता.

हा इतिहास इथे संपला असता, तर तो निव्वळ कुतूहलाचा विषय राहिला असता. पण टक्कर थांबलेली नाही. भारत आजही वर्षाला ४ ते ५ सेंटीमीटर, म्हणजे बोटाची दोन पेरे, आशियाकडे सरकतो आहे. लडाखमधला जुना सांधा बराचसा शांत झाला. घसरण आता दक्षिणेला, हिमालयाच्या पोटाखालून पायथ्याकडे येणाऱ्या मोठ्या भेगेवर होते. तिथे खडक अडकून बसतात, ताण साचतो आणि कधी तरी एका क्षणात सुटतो. १९३४ चा बिहार-नेपाळचा भूकंप, १९५० चा आसामचा, २००५ चा काश्मीरचा आणि सुमारे ९ हजार बळी घेणारा २०१५ चा नेपाळचा, हे सारे त्या टकरीचेच हप्ते.

त्या रेट्याची झळ महाराष्ट्रालाही लागली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली. हिमालयापासून इतक्या दूरच्या या भूकंपामागेही भारतीय भूपट्टावरचा हाच दाब असल्याचे भूशास्त्रज्ञ मानतात. तिथे हजारो माणसे गेली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे अंगावर कोसळून. खंडांची टक्कर आपण थांबवू शकत नाही. भिंती कशा बांधायच्या, हे मात्र आपल्या हातात आहे.

आज मराठी माणूस मोठ्या संख्येने लडाखला जातो. पुढच्या खेपेला सिंधूच्या काठी गाडी थांबवून दोन्ही बाजूंच्या डोंगरांकडे जरा निरखून पाहावे. एका बाजूला आशियाची जुनी कड असेल, दुसऱ्या बाजूला भारताची, आणि मध्ये एक आख्खा समुद्र मिटलेला असेल.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)